वाघझरीचा चारा

हल्ली फाल्गुन लागला की मुलं मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. कुणी रिसोडहून येतं, कुणी आसेगावहून. नोकरीधंद्याला लागलेली, पण गळाचा नाद लागलेली मुलं. नकाशात तलाव वरून निळे दिसतात, ते बोटांनी मोठे करून विचारतात, "सर, यंदा कोनत्या पान्यावर जावं?" मी चष्मा पुसतो. पाणी कुठवर ओसरलं, गाळात टरबुजं लावलीत का, पाणकावळे कोणत्या काठाला बसतात, असे दोन-चार प्रश्न विचारतो आणि एका ठिपक्यावर बोट ठेवतो. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मग ती माशाचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'सरांची नजर'. असा फोटो आला की मला त्या दिवशी जेवण जात नाही. बायको म्हणते, "एवढा तरास होते त सांगता कायले?" तिला मी कधी सांगितलं नाही की ही नजर माझी नाही, आणि ज्याची होती त्याची मी काय गत केली.

आमचा मळा मंगरूळपीरच्या बाहेर, बसस्टँडपासून पायी वीस मिनिटांवर. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात काकड्या. पहाटे बाबा विहिरीवरची मोटर चालू करत, तिच्या घरघरीनं आम्ही उठत असू, आणि उठल्या उठल्या माय माझ्यापुढे सांबाराचा ढीग टाकून म्हणायची, "जुड्या बांध, मंग तोंड धू." अजूनही हाताला सांबाराचा वास आला की मला तोंड न धुतल्यासारखं वाटतं. भाजी बाजारात पोचवून बाबा थेट घरी येत नसत. वाटेत करीमचाचांचं कल्हईचं दुकान होतं, तिथे ते बसत. चाचांचा भाता फसफस करी, तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठे आणि नाकात झोंबे, मग कापसाच्या बोळ्यानं चाचा कथील असं फिरवत की काळं भांडं बघता बघता चांदीचं होई. ते पाण्यात बुडवल्यावर जो छन्न आवाज येई, त्याच्यावर बाबांची गोष्ट थांबे आणि पुन्हा सुरू होई. दोघांच्या गोष्टी एकाच विषयावर. मासे.

माय माळकरी नव्हती, पण मासा तिला घरात चालत नसे. त्याची चूल अंगणात, पातेलं वेगळं, विळी वेगळी. ते पातेलं चाचा दरवर्षी कल्हई करून देत आणि त्याचे पैसे विचारले की रागावत. मात्र रस्सा मायच्याच हातचा. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजून, पाट्यावर वाटून, वर काळा मसाला. सोबत ज्वारीची भाकर. ती स्वतः त्याला शिवत नसे. आम्ही जेवत असताना ती पाच हात लांब बसून विचारायची, "मीठ बरोबर हाय का?" आणि चाचा दर खेपेला सांगत, "वहिनी, तुमी चाखला असता त इतका चांगला झाला नसता."

एरवी चाचा दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाज झाली की जवळच्या पाण्यावर गळ टाकून बसत. वर्षातली मोठी फेरी धुळवडीला. त्या दिवशी बाजार बंद, गावात रंग, आणि या दोघांनाही रंगाचा कंटाळा. पहाटेच सायकली काढून जे जायचे ते अंधार पडायच्या आत परत. पण कोणत्या पाण्यावर जायचं, हे ठरवायला महिना लागे. वसंतात पाणी उतरतं, मासा खोल जागी गोळा होतो, आणि जागा चुकली की दिवस गेला. बाबांना मोठं धरण आवडे. चाचा मात्र लहान तलावांचे शौकीन. तलाव बांधण्याआधी तिथे काय होतं, हे त्यांना ठाऊक असे. कुठे नाला होता, कुठे आंबा होता, कुणाची विहीर बुडाली. ते म्हणत, "पानी नवं हाय, जमीन जुनीच हाय. मासा जमीन पाहून राहते." हेच मी आज मुलांना सांगतो. माझ्याच तोंडचं म्हणून ती ते लिहून घेतात.

मी सतरा वर्षांचा झालो त्या साली चाचांचं काही खरं दिसत नव्हतं. आधीचे दोन वसंत त्यांनी सांगितलेल्या तलावावर आम्ही गेलो होतो आणि दोन्ही वेळा मोकळी पिशवी घेऊन आलो होतो. भट्टीच्या धुरानं डोळे सतत लाल असत. कल्हईवाल्याची नजर गेली, असं लोक थट्टेनं म्हणू लागले होते. बाबाही म्हणत. चाचा हसत, पण पूर्वीसारखं उलटून बोलत नसत. ते साठीलाही आले नव्हते. मला ते तेव्हा म्हातारे वाटायचे. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मी रोज सकाळी फिरायला जातो.

होळीच्या अठरा दिवस आधी, एका जुम्म्याला नमाज झाल्यावर, चाचा मळ्यात आले. बाबा नव्हते. मला म्हणाले, "सायकल काढ. एक गोष्ट दाखवतो. तुह्या बाबाले सांगू नको." आम्ही वाघझरीला गेलो. हा तलाव एवढा गाळानं भरलेला की लोक त्याला डबकं म्हणत. चाचा काठाकाठानं चालत एका ठिकाणी थांबले. समोर, काठीच्या टप्प्यात, बुडालेली बागायतीची विहीर होती. वरून काहीच दिसत नव्हतं. एका बाजूला बाभळीचं खोड, दुसऱ्या बाजूला टेकडीची खाच, या दोहोंच्या अंदाजानं त्यांनी ती जागा धरली होती. त्यांनी पिशवीतून चारा काढला. शेंगदाण्याची ढेप म्हणजे पेंड, ज्वारीचं पीठ, गूळ आणि भाजून कुटलेली मेथी, हे सगळं चिकणमातीत कालवून केलेले मुठीएवढे गोळे. एक एक गोळा अलगद पाण्यात सोडत म्हणाले, "एक दिवसाआड येतो मी, दुकान उघडायच्या आंधी. पंधरा दिवस चारायचं. सवय लागली का मंग शेवटचे चार दिवस काईच टाकायचं नाई, फिरकायचं बी नाई. मासा भुकेला राह्यला पाह्यजे. पाचव्या दिवशी गळ." काठावर त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक काडी खोचली आणि तिला लाल चिंधी बांधली. ही गळवाल्यांची खूण. एकानं चारलेल्या जागेवर दुसऱ्यानं गळ टाकायचा नाही. चिंधी दिसली की पाच-पन्नास पावलं लांब बसायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि तो मोडलेला मी तोवर ऐकलाही नव्हता.

परत येताना चाचा सायकल हातात धरून चालले. चढ होता. म्हणाले, "दोन साल झाले सुधाकर, लोक बोलतात त्याचं काई नाई. मलेच आता भेव वाटते का मले खरंच दिसत नाई. यंदा कटला मासा भेटला त समजन का अजून दिसते." मी म्हणालो, "भेटन ना चाचा." एवढा भरवसा त्यांनी माझ्यावर का टाकला, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांची स्वतःची मुलं गळाच्या वाटेला जात नसत, आणि मी जात होतो, एवढंच कारण असावं.

त्याच महिन्यात शिरीष आला. बदली होऊन आलेल्या एका साहेबांचा मुलगा, माझ्याच वर्गात. तो नागपूरचा, शर्ट पँटमध्ये खोचणारा, आणि वर्गात कुणाशी बोलायचं हे तोच ठरवणार असं आम्ही सगळ्यांनी आपोआप मानलं. त्याच्याकडे फायबरची काठी होती आणि तिला दोरा गुंडाळायची चक्री. चक्री मी तोवर पाहिली नव्हती. आमच्याकडे बांबू, दोरा आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा. मला गळाचं कळतं हे त्याला समजलं, तेव्हापासून तो मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलू लागला आणि मी त्याच्याशी शुद्ध बोलू लागलो. 'पानी' म्हणणारा मी एका आठवड्यात 'पाणी' म्हणायला शिकलो. माय हसली, "कोनाचं लेकरू घरात आलं बाप्पा हे?" मला तिचाही राग आला.

शिरीष एकदा त्याच्या वडिलांसोबत मोठ्या धरणावर जाऊन रिकामा आला. मला म्हणाला, "तुमच्या इथे मासे नाहीतच रे. सगळं नुसतं सांगायचं." तेवढंच. कुणी माझी मान पिरगाळली नव्हती, कसलं आमिष दाखवलं नव्हतं. मी म्हणालो, "उद्या चल. मी दाखवतो." होळीला दोन दिवस होते. चाचांचा चारा बंद झाला होता. ते तिकडे फिरकणार नाहीत हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि ते मला नेमकं आठवत होतं. म्हणून मी 'चुकून' असा शब्द या प्रकरणात कुठे वापरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्कूटरवर आम्ही गेलो. चिंधी वाऱ्यावर हलत होती. शिरीषनं विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही, गुराख्यांनी खोचली असेल." आणि ती काडी मी उपटली आणि पाण्यात फेकली. ती थोडा वेळ तरंगत राहिली, म्हणून मी तिच्यावर एक ढेकूळ मारलं. मग मी त्याला बाभूळ आणि टेकडीची खाच दाखवली, अगदी चाचांच्या शब्दांत, फक्त भाषा शुद्ध. पीठ मीच मळलं, मेथी घालून. अर्ध्या तासात चक्री किरकिरली. कटला होता. शिरीष घाबरला आणि काठी त्यानं माझ्या हातात दिली, आणि तो मासा मी ओढला. पाऊण तास. तो विहिरीच्या उगवतीकडून लागला होता, हे मला दोऱ्यावरून कळत होतं. काठाला आणला तेव्हा त्याचं मोठं डोकं पाहून हा चाचांचा कटला हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. पण शिरीष माझ्या पाठीवर थापा मारत होता. त्यानंतर आम्ही आणखी दोन धरले. चौथा मोठा होता, तो दोरा तोडून गेला आणि सगळं पाणी ढवळून गेला. मग काहीच लागलं नाही. ज्याला गळ टोचून सुटतो तो मासा बाकीच्यांना घेऊन जागा सोडतो, हेही मला चाचांनीच शिकवलेलं. शिरीषच्या घरी मोठा कटला काट्यावर टाकला, नऊ किलो भरला. मला त्यातलं काही नको होतं. मी घरी सांगितलं, अभ्यासाला गेलो होतो.

होळीच्या संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक बसली. माय पुरणपोळ्या करत होती, चाचांसाठी दुधाचा पेला आणि दोन पोळ्या बाहेर आल्या होत्या. बाबा म्हणाले, "दोन साल तुमचं ऐकलं करीमभाई, दोन साल हात हालवत आलो. यंदा मोठ्या धरनावर." चाचा म्हणाले, "वाघझरी." बाबा हसले. "त्या डबक्यात? बेडकं धराले?" चाचा तेच म्हणाले, "वाघझरी." बाबांना खेळ सुचला. म्हणाले, "तुमचं एक मत, माह्यं एक. आता सुधाकर म्हनन तिकडं जाऊ." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चाचा दुधाचा पेला हातात धरून निश्चिंत बसले होते, कारण माझं उत्तर त्यांना माहीत होतं.

त्या वेळी काय काय करता आलं असतं, याचा मी इतक्या वर्षांत फार विचार केला आहे. खरं सांगता आलं असतं. ते जमत नव्हतं तर मोठं धरण म्हणता आलं असतं. चाचांना माझा राग आला असता, नवल वाटलं असतं, पण वाघझरीत आपला कटला होता हा त्यांचा विश्वास तरी शाबूत राहिला असता. मला हे तेव्हाही कळत होतं. पण मोठं धरण म्हटलं असतं तर चाचांनी नंतर मला गाठून 'काहून?' म्हणून विचारलं असतं, आणि त्या एका शब्दाला मी भ्यालो. मी मनाची समजूत घातली की दोन दिवसांत मासे परत येतील. मी म्हणालो, "वाघझरी." चाचांनी दुधाचा घोट घेतला आणि मिशी पुसली.

धुळवडीच्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही तिथे होतो. चाचांनी काठावर काडी शोधली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, म्हणाले, "हवेनं गेली असन, नाईत गुरांनी तुडवली असन." दुसरा कुठलाही विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी बाभळीचं खोड आणि खाच धरून जागा बरोबर काढली, गळ सोडला आणि बसले. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसलो होतो. तरंगा हालला नाही. ऊन डोक्यावर आलं, पळसाची फुलं गळून काठावर पडली होती, त्यांच्यावरून मुंग्या जात होत्या, आणि तरंगा हालला नाही. दुपारी चाचांनी तलावाच्या पाण्यानं वजू करून तिथेच नमाज पढली, पुन्हा बसले. गळ बदलला, पीठ बदललं, खोली बदलली. त्यांनी जे जे केलं ते सगळं बरोबर होतं. तिकडे बाबांनी सांडव्याच्या कोपऱ्यात बसून बोटभर लांबीच्या मासोळ्या धरल्या आणि हाका मारून दाखवल्या. माझ्या मनात दर पाच मिनिटांनी येत होतं, आता सांगावं. आणि दर वेळी मी उठून पाणी पिऊन येत होतो. एकदा चाचाच म्हणाले, "तुले ऊन लागलं काय? सावलीत बस, बेटा." मी सावलीत जाऊन बसलो.

चार वाजता त्यांनी दोरा गुंडाळला. घाईनं नाही, नेहमीसारखा, काडीवर आठाच्या आकड्यात. मग बाबांना म्हणाले, "किसनभाऊ, मले वाटे का पान्याखालचं मले दिसते. काई दिसत नाई. उगाच वाटे." बाबांनी थट्टेत म्हटलं, "पंधरा दिवस बेडकाले ढेप चारली म्हना." तेव्हा मला कळलं की चाऱ्याचं त्यांनी बाबांना सकाळी सांगितलं होतं, काठावर येताना, आनंदानं.

पुढच्या जुम्म्याला चाचा मळ्यात आले आणि त्यांनी आपला बांबू माझ्या हातात दिला, गळांच्या पुडीसह. "तुह्ये डोये जवान हायेत," म्हणाले. मी तो घेतला. त्यानंतर ते कोणत्याच पाण्यावर गेले नाहीत. जुम्म्याला नमाज झाली की दुकानाच्या ओट्यावर बसून राहत. बाबांनी बेडकांना ढेप चारल्याची गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली, लग्नात सांगितली, बारशात सांगितली, आणि चाचा स्वतःही हसून भर घालत, "बेडकं लय मोटे झाले ना मंग." त्या हसण्यात दर वेळी मी सामील होतो. न हसता राहिलो असतो तर कुणीतरी पाहिलं असतं. शिरीष वर्षभरात वडिलांच्या बदलीसोबत गेला, त्याचं पत्र आलं नाही. मी शिकलो, गणिताचा मास्तर झालो, चाचांनी शिकवलेल्या डोळ्यांनी तलाव निवडत राहिलो आणि माझं नाव झालं.

सांगितलं ते तीस वर्षांनी. बाबा गेले होते. कल्हईचं काम केव्हाच बंद पडलं होतं, त्या जागी चाचांच्या मुलानं स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं होतं आणि मागच्या खोलीत चाचा खाटेवर असत. मी अधूनमधून भेटायला जाई. त्या दिवशी तिथे एक पाहुणा बसला होता. चाचांनी माझी ओळख करून दिली, "हा सुधाकर. माह्या गळाचं नाव यानं राखलं. मले काई येत नोतं, पन चेला चांगला निंगाला." पाहुणा गेला, आणि मी खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. काडी उपटली ते सांगितलं, ढेकूळ मारलं तेही सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

चाचा छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "केवढा होता?"

"नऊ किलो."

"इहिरीच्या कोन्या अंगानं लागला?"

"उगवतीच्या."

"मेथी टाकली होती पिठात?"

"हो."

"मंग बराबर," ते म्हणाले. "तो तिथंच यायले पाह्यजे होता." त्यांचे ओठ हलत राहिले. मग ते उठून बसायला लागले, मी आधार द्यायला गेलो तर माझा हात त्यांनी बाजूला सारला. स्वतः बसले. आवाज चढला नव्हता. "म्हंजे मले दिसत होतं. अन् तू मले आंधया म्हनून बसू देलं." दम घेऊन ते म्हणाले, "त्याच दिवशी सांगतलं असतं त दोन थापडा मारल्या असत्या तुले. अन् पुढच्या जुम्म्याले पुन्हा गेलो असतो. मासे का संपले होते? तीस सालाचे किती जुम्मे होतात रे? तू मास्तर हायस, सांग."

हिशोब सोपा होता. आकडा मला तिथल्या तिथं आला होता, आणि चाचा उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होते.  शेवटी त्यांनीच तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "जा आता."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तो आकडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही.